धाकट्याकडचे किडे

कुंपणच शेत खातं, हे थोरल्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. कुंपणालाच कोणी खातं, हे मात्र निवृत्तीनंतरचं ज्ञान. वडिलांनी दोघा भावांत घर वाटून दिलं तेव्हा मध्ये फायकसची रोपं लावली होती. "भिंत नको. हात तरी पलीकडे जाऊ दे," म्हणाले होते. आता त्याच कुंपणाची कोवळी पानं शिंपल्यासारखी मिटून तांबडी-काळी पडत होती. थोरला दर रविवारी पाठीला पंप बांधून औषध फवारायचा, आणि पुढच्या रविवारपर्यंत आणखी पानं मिटलेली असायची.

"हे वाळलं की सरळ भिंत घालतो," तो बायकोला म्हणे. गवंड्याला मात्र त्यानं अजून बोलावलं नव्हतं.

संशय अर्थातच धाकट्यावर. तो आपल्या बाजूला पाणी घाले आणि खुर्ची टाकून बसे, बस्स.

"त्याच्या आळसात किडे वाढतात, मग इकडे येतात."

"बघूच की," म्हणत बायकोनं पांढरी ताटली आणली आणि एक मिटलेलं पान उघडून तिच्यावर झटकलं. केसाएवढ्या काळ्या रेघा चालू लागल्या.

"फुलकिडे. पान मिटून आत बसतात. तुमचं औषध दारातूनच परत जातं."

मग पलीकडे हात घालून तिनं धाकट्याच्या बाजूचं मिटलेलं पान तोडलं. त्यातून दोनचारच रेघा पडल्या, आणि एक चपटा किडा. त्यानं एका रेघेला धरलं होतं आणि तो निवांत जेवत होता.

"हा कोण?"

"राखणदार. हे पानोपानी हिंडतात, तुमच्या फवाऱ्यात आधी तेच मेले."

थोरल्याला मागचे सगळे रविवार आठवले. नोकरीत आपण कशाकशाच्या हात धुऊन मागे लागलो होतो, तेही त्याला आठवू लागलं. ती यादी त्यानं घाईनं मिटवली.

"मग करायचं काय?"

"मिटलेले शेंडे कापा, पिशवीत बांधून टाका. मग स्वस्थ बसा."

"शेंडे कापतो."

"आणि राखणदार भाऊजींकडे मागा."

शेंडे कापून झाले, तरी तो कात्री पुसत उभाच होता. शेवटी कुंपणापाशी जाऊन खाकरला.

"अरे, तुझ्याकडचे थोडे किडे दे."

धाकटा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं एक शेंडा अलगद तोडला आणि फांद्यांतून हात पुढे केला.

"पंप कुठाय, दादा?"

"माळ्यावर टाकला."

"मग खुर्ची आण."

थोरल्यानं तो शेंडा आपल्या बाजूच्या फांदीत खोचला आणि खुर्ची आणली. दोघं आपापल्या बाजूला काही न करता बसले. धाकट्याला सवय होती. थोरला मधूनमधून उठे, धाकटा नुसतं "दादा" म्हणे, आणि तो पुन्हा बसे.