लाल पट्टा आणि चमचाभर दूध

आईबाबांचं ते भांडण लेकीच्या वयाहून मोठं होतं. लग्नाच्या वर्षी आईने आपल्या छोट्या बोटीला हौसेने लाल पट्टा रंगवला आणि बाबा परगावाहून परतायच्या आत वादळात ती बोट तळ्यात बुडाली. बाबांनी नंतर बुडी मारून ती शोधली आणि वर येऊन सांगितलं, "पट्टा काळा आहे." तेव्हापासून घरात पडदे घ्यायचे असोत की छत्री, बाबांचं एकच पालुपद: "तिला विचारू नका, तिला काळंसुद्धा लाल दिसतं."

एवढ्या एका वाक्यापायी आई अठ्ठावन्नाव्या वर्षी स्कूबा डायव्हिंग शिकली. पण आता बंधाऱ्याच्या कामासाठी सोमवारपासून तळ्यात उतरायला कायमची बंदी येणार होती. हातात फक्त रविवार होता. पट्ट्याचा रंग बघायला पाण्याखाली न्यायचा दिवा निवडायचं काम भौतिकशास्त्र शिकलेल्या लेकीकडे आलं.

"पाणी सगळ्यांत आधी लाल रंग गिळतं," तिने दुकानात समजावलं. "पंधरा मीटर खाली लाल वस्तू काळपटच दिसते. दिवा जवळ नेला की खरा रंग परत येतो."

"मला नको शिकवूस," बाबा म्हणाले. त्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण सत्तावीस वर्षांची चेष्टा फुकट कोण सोडतो? त्यांनी सगळ्यांत दांडगा दिवा उचलला. भिंतभर उजेड पसरला. "हाच घ्या. हरायचंच तर लख्ख उजेडात हरेन."

"काल बाथटबमध्ये असलाच तपासला ना आपण? झकास होता," आई म्हणाली.

लेक थबकली. टबातलं पाणी नळाचं होतं, तळ्यात गाळ होता. तिने दुकानदाराकडे बादलीभर पाणी आणि चमचाभर दूध मागितलं.

"ताई, चहा सांगू का? दूध आपोआप येईल," दुकानदार म्हणाला.

दूध कालवल्यावर तिने तळाशी लाल झाकण टाकलं. दांडगा दिवा लावला तर सगळी बादली पांढरीफटक झाली, झाकण गायब. मग तिने अरुंद झोताचा, मुठीएवढा दिवा बाजूने तिरका धरला. दुधातून उजेडाची काठी थेट तळापर्यंत गेली आणि झाकण लालभडक उठून दिसलं.

"हा दिवा. आणि आई, हात लांब ठेवून बाजूने धरायचा. समोरून नाही."

"तुझ्या शिक्षणाचे पैसे वसूल झाले," आई खुशीत म्हणाली.

रविवारी तिघंही खाली उतरली. बोट कुशीवर पडली होती आणि पट्टा खरंच काळा होता. आईने हातमोज्याने त्यावरचं शेवाळ पुसलं, तसा गाळाचा ढग उठला आणि बोट दिसेनाशी झाली. आईने हात लांब करून दिवा बाजूने धरला. उजेडाची काठी गाळातून पार गेली. पट्टा लाल होता, कुंकवासारखा लाल.

आईने दिवा बाबांच्या हातात दिला. पाण्याखाली दिव्याने गोल काढला की अर्थ एकच: कबूल, सगळं ठीक. बाबांनी तळावर एक गोल काढला.

आईने बोटाने खूण केली: अजून एक.

त्यांनी दुसरा काढला, चांगला मोठा. लेकीला इतकं हसू आलं की तिच्या मास्कमध्ये पाणी शिरलं.