वाऱ्यावर घातलेला आळ

"फोडलास ना आणखी एक वाडगा!" जिन्याखालून पेईझनबाई ओरडल्या. "बाळंतपणात माझं ऐकलं असतंस तर आज ही वेळ आली नसती!"

वरच्या खोलीत त्यांची सून लिऊयान फरशीवरचे तुकडे गोळा करत होती. सांडलेल्या शेवयांत लाल काहीतरी दिसलं, तेव्हा कुठे तिने अंगठा उलटा करून पाहिला. काच चांगलीच आत घुसली होती. दुखलं मात्र काहीच नव्हतं.

चीनमधल्या वेनझोउजवळच्या त्या गावात घरोघरी बूट बनत. खाली तळवे चिकटवायचे आणि वर संसार करायचा. पेईझनबाईंनी नवऱ्यामागे याच कामावर मुलाला, हाईबोला, वाढवलं. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. सुनेचा बाळंतपणाचा महिना त्यांनी किती कडक पाळला! केस धुवायचे नाहीत, गार पाण्यात बोट बुडवायचं नाही, डोक्याचा रुमाल सोडायचा नाही. तांदळाच्या दारूत आलं घालून शिजवलेल्या शेवया दोन्ही वेळा. वाऱ्याची झुळूकही आत येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. महिना सरला, पण थंडी होती म्हणून पट्ट्या तशाच राहिल्या. हिवाळ्यात बुटांचं काम जोरात. मग सुनेच्या पलंगाशेजारी तळवे चिकटवायच्या सोल्युशनचा डबा आणि ब्रश आला. पाण्यात हात घालायचा नाही, उभं राहायचं नाही, बसल्या बसल्या बुटांना सोल्युशन लावायचं, यात कसला त्रास? गरोदरपणातही ती तेच करत होती.

आधी लिऊयानच्या पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. मग तळपाय बधिर झाले, मग हाताची बोटं.

"वारा शिरलाय," पेईझनबाईंनी निदान केलं. "चोरून केस धुतले असशील. खरं सांग!"

"नाही हो आई, शप्पथ."

"मग वारा काय भिंतीतून आला?"

वाडगा फुटला त्या दिवशी दुपारी बाईंनी स्वतःच उपचार करायला घेतले. दवण्यासारख्या पाल्याची वळलेली कांडी पेटवून अंगाजवळ धरली की ऊब आत शिरते आणि अडलेलं रक्त वाहू लागतं, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. बाईंनी सुनेचा पाय मांडीवर घेतला आणि कांडी घोट्याजवळ धरली.

"लागतेय का ऊब?"

"नाही."

बाईंनी कांडी जवळ नेली. "आता?"

"नाही, आई."

आणखी जवळ. लिऊयान शांतपणे कुशीतल्या मुलीकडे बघत होती. कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा बाईंनी कांडी फेकली. घोट्यावर मोठा फोड टरारून आला होता, आणि ज्या पोरीचा तो पाय, ती विचारत होती, "काय झालं, आई?"

पेईझनबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी हाईबोला शाओ वैद्यबाईंकडे पिटाळलं.

शाओबाईंनी जिल्ह्याच्या चिनी औषधांच्या रुग्णालयात उभी हयात काढली होती. जिभेने फटकळ, पण हाताला गुण. त्यांनी आधी फोडाला मलम लावून पट्टी बांधली. मग लिऊयानच्या मनगटावर तीन बोटं टेकवून बराच वेळ नाडी पाहिली, जीभ पाहिली. पिशवीतून हातोडीसारखी छोटी सुई काढली. तिच्या तोंडाला बारीक सुयांचा झुबका होता. ती कातडीवर टकटक मारत शाओबाई पायाच्या बोटांपासून वर जाऊ लागल्या. गुडघ्याखाली एका जागी टोचलं तशी लिऊयान दचकली. दुसऱ्या पायावरही नेमकी तिथेच.

"वारा शिरलाय ना, वैद्यबाई?" पेईझनबाईंनी विचारलं. "महिना नीट पाळला नाही हिने."

"आमच्या शास्त्रात बधिरपणाच्या दोन पायऱ्या आहेत," शाओबाई म्हणाल्या. "प्राणशक्ती पोचत नाही तेव्हा मुंग्या येतात. रक्तही पोचेनासं झालं की अंग लाकूड होतं, ना दुखत ना खाजत. बाळंतिणीचं रक्त कमी झालेलं असतं, तिला वारा बाधतो, हेही खरं. पण ताई, वारा चोर आहे. सापडेल त्या फटीतून घुसतो, कधी या खांद्यात तर कधी त्या गुडघ्यात. दोन्ही पायांत मोजे चढवल्यासारखा सारखा वर चढणारा वारा मी जन्मात पाहिला नाही! आणि या खोलीत हा वास कसला?"

"वास? कसला वास?"

"डोळे चुरचुरतायत माझे! खिडक्या बंद, खालून सोल्युशनची वाफ, वर उशाशी डबा. अहो, तुम्ही वाऱ्याला बाहेर ठेवलंत आणि विषाला आत कोंडलंत!"

पेईझनबाईंचा पारा चढला. "वा! मी इतकी वर्षं सोल्युशनमध्ये हात घालतेय. मला कुठे काय झालं? या हल्लीच्या मुलींनाच सगळं होतं. मारा ती सुई माझ्या हातावर, बघा कशी टुणकन उडते मी!"

त्यांनी हात पुढे केला आणि तोंडाने सुनेला ऐकवणं चालूच ठेवलं. "आमच्या वेळी बाळंतपणानंतर लगेच..."

"ताई," शाओबाई हळूच म्हणाल्या, "मी केव्हाची मारतेय."

पेईझनबाईंनी खाली पाहिलं. बोटांच्या टोकांवर रक्ताचे बारीक ठिपके उठले होते. सुई पडत होती, त्यांना दिसत होती. पण हात जणू दुसऱ्याच कुणाचा!

"घट्टे आहेत," त्या पुटपुटल्या. "कामाचे घट्टे."

"रक्त येतंय, ताई. घट्ट्यातून रक्त येतं का?"

दारात उभ्या हाईबोने आपले हात पाठीमागे लपवले. आईच्या नजरेतून ते सुटलं नाही. पोराच्या हातून अलीकडे चॉपस्टिक्स निसटायच्या आणि ती त्याला धांदरट म्हणायची.

"हिला काढा करून देईन," शाओबाई म्हणाल्या. "दालचिनीच्या डहाळ्या, आलं, खजुरासारखी लाल बोरं आणि रक्ताला जोर देणाऱ्या मुळ्या. सुईही मारत जाईन. पण शहरात नेऊन नसांची तपासणी आधी करा. आणि विष बंद केलं नाहीत तर माझा काढा गटारात ओता, तेवढाच गुण येईल."

"आणि ही पूर्ण बरी होईल ना?"

शाओबाईंनी सुई पुसून पिशवीत ठेवली. "किती परत येईल, ते सांगता येत नाही. तुम्ही दोष शोधत बसलात, तेवढा वेळ तर गेलाच."

पेईझनबाई सुनेच्या पायाशी येऊन बसल्या. ज्या पोरीने हूं की चूं न करता बोलणी खाल्ली, तिच्या पट्टी बांधलेल्या पायावर त्यांनी हात ठेवला. कुणालाच काही जाणवलं नाही, ना पायाला, ना हाताला. मग म्हातारी हंबरडा फोडून रडली.

"पोरी, वाऱ्यावर आळ घातला, तुझ्यावर घातला. माझ्या डब्यावर नाही घातला गं!"

त्याच दिवशी डबा बाहेर गेला. शहरातल्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. हाईबोने घरातला कारखाना बंद करून शिलाईचं काम धरलं, खाण्यापिण्याची ओढाताण झाली. लिऊयानची बोटं पुढे थोडीफार जागी झाली. पाय झाले नाहीत. ती अजून भिंत धरून चालते.

वसंतात एकदा अंगणात पेईझनबाई नातीच्या अंघोळीचं पाणी काढत होत्या. कढत पाणी टबात ओतून त्यांनी गार पाण्याची बादली उचलली. आधी कोपर टेकवून बघायचं ही शाओबाईंची ताकीद होती. त्यांची कोपरं अजून शाबूत होती. शेजारची आचिन हसत आली. तिच्या घरीही तोच धंदा.

"अगं बाई, कोपराने पाणी बघतेस? हात काय गहाण ठेवलेत?" असं म्हणून तिने टबात हात घातला. "गार पाणी कशाला ओततेस? कोमटच तर आहे!"

टबातून वाफा निघत होत्या. आचिनचं मनगट लालबुंद होत होतं आणि ती हसतच होती.

पेईझनबाईंनी तिचा हात खसकन बाहेर ओढला. "आचिन! अगं, तुझी सून कुठे निजते? खिडक्या उघड्या आहेत का तुमच्या?"

"असं काय विचारतेस? पोर बाळंतीण आहे, खिडक्या कशा उघडतील?"

पेईझनबाई नातीला अंगणात बसलेल्या लिऊयानच्या मांडीवर देऊन आचिनच्या घराकडे धावल्या.

मंडळी, घरातली बाई आजारी पडली की आपण आधी तिची चूक शोधतो. ती चूक शोधणं फार सोपं असतं, कारण ती उलट बोलत नाही. पण त्याआधी आपण तिला कुठल्या हवेत निजवलंय ते बघा. ज्या धंद्यावर घर चालतं, त्याच्याकडेही एकदा संशयाने बघायची हिंमत करा! पेईझनबाईंना ती उशिरा आली. त्या उशिराची किंमत लिऊयान रोज पावलापावलाला मोजते आहे.