डॉक्टर विचारात आहेत

"मेलं पुन्हा एक ताट जास्त मांडलं मी!" शवॉन माझ्या कानाशी पुटपुटली. "माझा हात चुकत नाही, ऑनर. हे चित्र चुकवतंय. तुझ्या भावाला म्हणावं, ने बाबा परत. कोणी यायचं बाकी आहे असंच वाटत राहतं या खोलीत."

"गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत," मी म्हणाले.

"नावं कुठे ठेवतेय? पाठ गार पडते, एवढंच सांगतेय."

शवॉन स्केरेटांच्या घरची स्वयंपाकीण. तत्त्वज्ञानाचे डॉक्टर डॉमिनिक स्केरेट जाऊन त्या दिवशी महिना झाला होता. सकाळी चर्चमध्ये त्यांच्या नावाची मिस्सा झाली, आता आप्तमंडळी जेवायला यायची होती. चित्राखाली तिवईवर तपकिरीची बशी ठेवली होती, येणाऱ्याने चिमूटभर घ्यावी आणि गेलेल्यासाठी दोन शब्द बोलावेत म्हणून. चित्र डॉक्टरांचं, काढलेलं माझ्या भावानं, कॉलमनं. मी त्याचे रंग घोटते, ब्रश धुते, आणि समोर गिऱ्हाईक बसलं की बोलते.

हे बोलणं आमच्या धंद्याची युक्ती आहे. माणसाला नुसतं खुर्चीत बसवलं तर थोड्या वेळात त्याच्या चेहऱ्याचा उकडलेला बटाटा होतो. म्हणून मी कॉलमच्या खांद्याशी स्टूल टाकून गावभरच्या गप्पा मारते. माणूस ऐकतो, हसतो, त्याचे डोळे जिवंत राहतात. त्यामुळे आमच्या गॉलवे गावातले निम्मे बडे लोक आपापल्या भिंतींवरून कायमचे माझ्याकडे बघताहेत. नवरा मिळाला नाही, नजरा मात्र भरपूर.

डॉक्टर तेवढे माझ्याकडे बघेनात. हिवाळाभर ते बसले. माझं हेरिंग मासळीच्या भावापासून बिशपसाहेबांच्या खेचरापर्यंत सगळं सांगून झालं. हसायच्या जागी ते हसायचेसुद्धा, अगदी सभ्यपणे. मग नजर माझ्या खांद्यावरून मागच्या दाराकडे जायची. ती नजर रिकामी असती तर मला एवढं लागलं नसतं. जिन्यावर ओळखीची पावलं वाजावीत आणि माणसानं खुर्चीत जरा सावरून बसावं, तशी ती होती. मी वळून बघायची. दार बंद. पुन्हा बोलायला लागायची, पुन्हा वळायची. एकदा तर माझ्या पाठीशी कोणी उभं आहे अशी इतकी खात्री वाटली की मी वाट द्यायला स्टूल सरकवलं. कॉलमने ब्रश खाली ठेवला. म्हणाला, "तुलाही वाटलं ना?" मी म्हणाले, "गप चित्र काढ तू."

"डॉक्टर विचारात आहेत," असं म्हणत पिअर्स आत डोकावून जायचे. हे डॉक्टरांचे धाकटे बंधू, दारूचे व्यापारी, फ्रान्सहून पिंपं मागवणारे. ते वाक्य साऱ्या घराला पाठ झालं होतं. डॉक्टरांनी वाइनमध्ये मीठ घातलं, विचारात आहेत. गारांच्या पावसात रात्रीच्या सदऱ्यावर बंदराच्या धक्क्यापर्यंत चालत गेले, विचारात आहेत. विचार करणं हाच ज्याचा लौकिक, त्याच्याबद्दल शंका कोण घेणार? माणूस माणसाला कसं ओळखतो, यावर त्यांचा जाडजूड ग्रंथ होता, लॅटिनमध्ये. गावात तो कोणी वाचला नव्हता, पण अभिमानाला वाचन कशाला लागतं?

ते वाक्य फक्त जूडिथबाईंच्या, त्यांच्या पत्नीच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. त्या यायच्या, डॉक्टरांची कॉलर नीट करायच्या आणि पाय न वाजवता निघून जायच्या. चित्र चालू असताना थांबायच्या नाहीत.

मंडळी जमली. एकेक जण तपकीर घ्यायला चित्रापाशी जाई, वर बघे, आणि हटकून मागे वळून दाराकडे बघे. मग घसा खाकरून टेबलाशी येई. कोकराचं मटण वाढलं गेलं तरी कोणी नीट बसेना.

"कोटाचा रंग जरा भडक झालाय," एक चुलतबहीण म्हणाली.

"नाकही लांब वाटतं," फादर म्हणाले.

"स्केरेटांचं नाक आहे, फादर. लांबच असायचं ते."

हसू पिकलं. तेवढ्यात समुद्राकडचा वारा आला आणि दार खडखडलं. जवळजवळ सगळे वळले, फादरसुद्धा. दारात कोणी नव्हतं.

पिअर्सनी पेला ठेवला. "कॉलम, डोळे बदला. वारा फिरला की जहाज सुटेल. दादा लूव्हेनच्या ज्या कॉलेजात शिकले, तिथे हे चित्र लागायचंय. पोरांना गुरू आपल्याकडे बघताना दिसला पाहिजे. कोण आलं, कोण गेलं बघणारा दरवान नकोय मला."

"सकाळभराचं काम आहे," कॉलम म्हणाला. "बुबुळं जराशी सरकवायची. पण सरकवून कोणाकडे बघायला लावू? मी त्यांना आपल्यातल्या कोणाकडे बघताना पाहिलंच नाही."

"विचारात असायचे ना ते!" पिअर्स घाईनं म्हणाले. "मोठा माणूस. आपण काय दिसणार त्यांना?"

सगळ्यांनी माना हलवल्या. एकाला शिंक आली, तिच्यामुळे सगळ्यांना बरंच वाटलं.

"वहिनी, चित्र तुमचं आहे. तुम्ही हो म्हणा, म्हणजे मिटलं." हुकूम देणाऱ्या माणसाचा आवाज एवढा विनवणीचा झालेला मी पहिल्यांदा ऐकला.

कॉलमने माझ्याकडे पाहिलं. रंगांची पेटी माझ्या पायाशी होती. मी ती उघडली नाही.

जूडिथबाई उठल्या, चित्रापुढे जाऊन उभ्या राहिल्या. अगदी समोर. डॉक्टर त्यांच्या खांद्यावरून दाराकडे बघत होते. सगळ्या जेवणभर मागे वळून न बघितलेल्या त्या एकट्याच.

"डोळे तसेच राहू देत," त्या म्हणाल्या.

"पण का, वहिनी? लोक म्हणतील..."

"तुम्ही हे बदललंत, तर ते सगळं वर्ष माझ्या एकटीच्या डोक्यात राहील. मग मलाच वाटायला लागेल की तसं काही झालंच नव्हतं."

"कसलं वर्ष? दादा जरा विचारात..."

"विचारात नव्हते ते, पिअर्स." त्या आमच्याकडे वळल्या. "ते मला ओळखत नव्हते. मी भरवायची, न्हाऊ घालायची, आणि ते मला म्हणायचे, 'बाई, तुम्ही फार चांगल्या आहात हो. पण जरा बाजूला व्हाल का? दार दिसत नाही. माझी जूडिथ यायची आहे.'"