पाण्यापर्यंतची पाणंद

चौकसपणा हा माझा जुना आजार. बत्तीस वर्षं या भागात टपाल वाटलं, पण कुणाचं पाकीट कधी उघडलं नाही की एका घरचं बोलणं दुसऱ्या घरी नेलं नाही. त्यामुळे आजार बरा झाला नाही, नुसता आत साठत गेला. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातल्या मंडळींनी वर्गणी काढून मला ग्रॅव्हल सायकल दिली, जाड टायरची, खडीवर आणि चिखलात बिनदिक्कत चालणारी. त्यांना वाटलं, झोझियान जरा व्यायाम करेल. मी मात्र गावकारभाराच्या कचेरीतून गावाचा जुना नकाशा मिळवला आणि त्यातली एकेक विसरलेली वाट शोधत सुटले. माझी पिवळी टपालगाडी जिथं शिरत नव्हती तिथं काय आहे, हे मला पाहायचंच होतं.

सोबतीला रेजिस असतो. हा आमचा निवृत्त गुरांचा डॉक्टर. नदीच्या दोन्ही काठांवरच्या गोठ्यांमध्ये याचा हात खांद्यापर्यंत गाईंच्या पोटात जाऊन आलेला, त्यामुळे त्याला कशाचंच नवल वाटत नाही. मला सगळ्याचंच वाटतं. जोडी बरी जमते.

ऑक्टोबरच्या मध्यावर कचेरीबाहेर नोटीस लागली. उताराकडे, म्हणजे जिथून नदी पायी ओलांडता येते तिकडे जाणारी सहाशे मीटरची पाणंद लेओंस बुर्दलाला विकण्याचा विचार आहे. कुणाची हरकत असल्यास शनिवार, एकतीस तारखेला दुपारी बारापर्यंत आत ठेवलेल्या वहीत लिहावी. गावची वाट अशी कुणालाही विकता येत नाही. ती कुणीच वापरत नाही असं दिसलं तरच विकता येते. थोडक्यात, वही कोरी राहिली की वाट मेली. लेओंसची कुरणं पाणंदीच्या दोन्ही बाजूंना, तेव्हा तो ती मागणार यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

"लिहून टाक हरकत. दोन ओळींचं काम," रेजिस म्हणाला.

"न पाहिलेल्या वाटेसाठी कसली भांडू? आधी बघून येऊ."

"म्हणजे तुला भांडायचं नाहीये, बघायचंय."

"दोन्ही," मी म्हटलं.

मंगळवारी सकाळी निघालो. पाणंदीच्या वरच्या तोंडाशी लेओंसने झटक्याची तार आडवी लावलेली, आणि तारेमागे ब्लॅकबेरीची काटेरी जाळी माणसापेक्षा उंच. रेजिसला परत फिरायला तेवढं कारण पुरलं असतं. मी त्याला जंगलातून वळसा घालायला लावला. चेस्टनटच्या काटेरी बोंडांचा खच पडला होता, टायरखाली ती फुटत होती, आणि मी वर नकाशात बघत चालवत असल्यामुळे दोनदा पडले. तिसऱ्यांदा पडले ती थेट पाणंदीतच.

उठून बघते तर पाणंद स्वच्छ. दोन्ही बाजूंना दगडी बांध, वर ओकची कमान, आणि जमीन अशी की आदल्या आठवड्यात कुणी हात फिरवलाय. काटे नाहीत, आडव्या फांद्या नाहीत. वरच्या तोंडाला जंगल माजलेलं आणि पोटात ही झाडलोट. आम्ही हँडल सोडून चालवलं असतं तरी चाललं असतं.

"बघ, आहे का नाही नवल?" मी विचारलं.

"रानडुकरं," रेजिस म्हणाला.

"रानडुकरं कोयता वापरायला कधी लागली?"

मी खाली बसून कापलेले बुंधे पाहू लागले. कोयत्याचे ताजे, तिरपे घाव, पण सगळे उलट्या बाजूला उतरलेले. रेजिसने काठी घेऊन एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या हाताने हवेत घाव घालून पाहिले. कापणारा डावखुरा होता. नोंदणी टपालाच्या पावत्यांवर तीस वर्षं मी ज्यांच्या सह्या घेतल्या, त्यांच्यात डाव्या हाताने सही करणारा या काठावर एकच माणूस. लेओंस बुर्दला.

आता सांगा, वाट मेली म्हणून विकत मागायची, आणि तीच वाट चोरून जिवंत ठेवायची? याला काय म्हणावं ते मला कळेना, आणि न कळलेलं मला पचत नाही.

पाणंद उतारापाशी संपली. इथं नदीच्या मधोमध वाळुंजाच्या झाडांचं एक दाट बेट आहे, त्यामुळे पलीकडचा काठ दिसत नाही. रेजिस बूट काढायला तयार नव्हता. मी सायकल खांद्यावर घेतली आणि शिरले पाण्यात. गुडघाभर, बर्फासारखं. बेट ओलांडून पलीकडे चढले आणि तिथंच उभी राहिले.

पलीकडची पाणंदही स्वच्छ होती, अगदी पाण्यापर्यंत. पण इथं कोयता नव्हता. फांद्या बारीक करवतीने कापल्या होत्या, आणि हेझलच्या प्रत्येक बुंध्यावर तपकिरी मलम फासलं होतं. कुंपणातल्या रानटी हेझलला मलम! फळझाडाची फांदी कापल्यावर ती सडू नये म्हणून लावतात ते. या बाजूला सफरचंदाची बाग एकाचीच. लेओंसचा धाकटा भाऊ, एमिलियाँ.

"आलीस का पलीकडून?" रेजिस ओरडत होता. "काय आहे तिकडे?"

"भाऊ," मी ओरडून सांगितलं.

या दोघांचं प्रकरण गावात सगळ्यांना ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वी त्यांची आई पलीकडे, एमिलियाँच्या घरी वारली. लेओंसने इकडे तिच्यासाठी वडिलांची कबर उघडून ठेवली होती. एमिलियाँने आईला तिच्या माहेरच्या माणसांशेजारी, तिकडच्याच दफनभूमीत ठेवलं. तिचीच इच्छा होती, असं तो म्हणाला. लेओंस अंत्यविधीला गेला नाही. तेव्हापासून शब्द नाही. पुलावरून चौदा किलोमीटर, उतारावरून चालत दहा मिनिटं, आणि कुणीही कुणाकडे गेलं नाही. दरवर्षी एक नोव्हेंबरला, आमच्याकडे कबरींवर फुलं ठेवतात त्या दिवशी, लेओंस शेवंतीची एक कुंडी घेतो आणि वडिलांच्या कबरीवर ठेवतो. पूर्वी टपाल टाकायला गेले की मला ती उंबऱ्यावर दिसायची. एकच कुंडी.

मी तशीच ओल्या पायांनी बागेत गेले. एमिलियाँ सफरचंदं निवडत होता.

"टपालवाली, तू निवृत्त झालीस ना?" तो म्हणाला. "मग भिजून काय आलीस?"

"उतारावरून आले. नोटीस वाचलीत का तुम्ही? पाणंदीची?"

"वाचली."

"मग शनिवारच्या आत हरकत लिहा. नाहीतर बंद होईल."

"ज्याला हवीय त्याला घेऊ दे."

"आणि हेझलला मलम कुणी लावलं?"

त्याचे कान लाल झाले. सत्तरीच्या माणसाचे कान इतके लाल होतात हे मला माहीत नव्हतं. "डब्यात उरलं होतं," तो म्हणाला.

"कधी नदी ओलांडून जाता की नाही?"

"माझं काम पाण्यापर्यंत. त्याच्या पुढे कुणी बोलावल्याशिवाय मी जात नाही." त्याने मला एक सफरचंद दिलं, म्हणजे आता निघ.

परतताना रेजिस म्हणाला, "लेओंसला जाऊन सांग ना सरळ. तो तिकडून झाडतो, हा इकडून, दोघे गाढव आहेत म्हणून."

"नाही सांगणार. एका दारचं बोलणं दुसऱ्या दारी नेत नाही मी."

"निवृत्त झालीस ना?"

"टपालातून झाले." पण जीव तळमळत होता हे खरं. दोघंही बेटाच्या आपापल्या बाजूला येऊन थांबत होते, आणि दोघांनाही वाटत होतं की पलीकडे नुसतं रान माजलंय.

शनिवारी साडेदहाला मी कचेरीत गेले. वही उघडली तर पंधरा दिवसांची पानं कोरी. कचेरीतली कोराली म्हणाली, "लेओंसकाका रोज साडेअकराला येतात वही बघायला. कोरी दिसली की तोंड पाडून जातात."

"तोंड पाडून? अगं, कोरी राहिली तर वाट त्यांनाच मिळणार."

"तेच तर मला कळत नाही."

मला त्या क्षणी कळलं. लेओंसला वाट नको होती, हरकत हवी होती. नदीपलीकडून, एका ठरावीक माणसाची. बंद करतो म्हटल्यावर तरी तो काही बोलेल, एवढ्यासाठी हा अर्ज. तोंडाने विचारायचं सोडून असले उद्योग आमच्याकडचेच लोक करू जाणोत. मला रागही आला आणि रडूही आलं.

वही सगळ्यांसाठी उघडी असते. तिच्यात पाहिलेलं लिहिणं म्हणजे चहाडी नव्हे. मी पेन घेतलं आणि लिहिलं: "मंगळवारी मी सायकलवरून या पाणंदीने गेले आणि उतार ओलांडला. या काठावर पाणंद कोयत्याने साफ केलेली आहे, पाण्यापर्यंत. पलीकडच्या काठावर करवतीने साफ केलेली आहे, पाण्यापर्यंत, आणि कापलेल्या प्रत्येक फांदीला सफरचंदाच्या झाडाचं मलम लावलेलं आहे. वाट वापरात आहे." खाली सही. घरी जायला हवं होतं, पण पाय निघेना. मी भिंतीवरची लसीकरणाची माहिती वाचत बसले.

साडेअकराला लेओंस आला. टोपी काढली, वही ओढली, आणि वाचू लागला. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"टपालवाली," तो न वळता म्हणाला, "मलम तू डोळ्यांनी बघितलंस?"

"बोटाने. ओलं होतं अजून."

"हेझलला कोण लावतं मलम?" तो म्हणाला. "लहानपणापासून तसाच आहे तो. कुठलंही झाड कापलं की त्याला वाईट वाटायचं." मग त्याने माझ्या ओळीवर बोट ठेवलं. "पाण्यापर्यंत म्हणालीस?"

"पाण्यापर्यंत."

"मीही तेवढंच करतो," तो म्हणाला. त्याने पेन डाव्या हातात घेतलं आणि माझ्या सहीखाली लिहिलं: "अर्ज मागे घेत आहे. मला ही वाट उद्या लागणार आहे." कोरालीने बारा वाजता वही बंद केली.

शुक्रवारपासून पाऊस होता, नदी मांडीपर्यंत चढली होती. रविवारी सकाळी मी रेजिसला उठवलं. तो शिव्या देत आला. वरच्या तोंडाची झटक्याची तार काढून गुंडाळून ठेवलेली होती, आणि काटेरी जाळीतून एक माणूस जाईल एवढी ताजी फट पाडलेली होती. आम्ही सायकली ढकलत आत शिरलो आणि मग चालवत खाली उतरलो.

उताराच्या काठावर रबरी बुटांची जोडी उभी होती, टोकं पाण्याकडे. आत मोजे नीट घडी करून ठेवलेले. शेजारी चिखलात कुंडीच्या बुडाचे दोन गोल ठसे होते, आणि शेवंतीच्या काही पिवळ्या पाकळ्या.

"दोन कुंड्या," रेजिस हळूच म्हणाला. "आईला एक आपली, एक भावाच्या हातची. दोन फेऱ्या मारल्या असतील म्हाताऱ्याने."

बेटापलीकडून बोलण्याचा आवाज येत होता. दोन पुरुषांचा. पाण्याच्या खळखळीत शब्द काही लागत नव्हते. दहा पावलं पाण्यात शिरले असते तर सगळं ऐकू आलं असतं.

रेजिस माझ्याकडे बघत राहिला. मी सायकल उचलून वळवली.

"चल," मी म्हटलं, "चढ मोठा आहे."