वजन नसताना हलणारा काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. पण मला धरायला याल तर तुमच्या बोटाला नुसती काच लागेल, कारण मी लोखंडाचा नाही. मी कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर राहतो. गोल पांढरी तबकडी, तिच्यावर किलोचे आकडे आणि मधोमध लाल काटा, तो मी. खाली वजनकाट्यावर डाळिंबाचं कॅरेट ठेवलं की वायरीतून मला हिसका बसतो आणि मी सरकतो. हसू नका. तुम्हीसुद्धा दिवसभर काचेवरच बोट घासत असता.

मला महिपतीने घडवलं. बारामतीत भिगवण रोडला, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे, तिथं तो काम करायचा. तयार बटणं, तयार चौकटी, तयार तबकड्या पाहिजे तेवढ्या मिळतात. प्रोग्रॅम बनवणारे त्या उचलतात आणि स्क्रीनवर चिकटवतात. महिपतीला ते पटायचं नाही. "तयार काटा टुणकन उडी मारतो," तो म्हणायचा. "खरा काटा आधी डुलतो, मग ठरतो. डुललाच न्हाय तर शेतकऱ्याचा इस्वास कसा बसंल?" म्हणून त्याने मला डुलायला शिकवलं. त्यासाठी किती चहा ढोसला असेल, देव जाणे.

आणखी एक गोष्ट त्याने शिकवली. त्याचे वडील मार्केट यार्डात मापाडी होते, आलेला माल मोजून द्यायचे. आपल्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. पहिलं माप म्हणजे 'लाभ'. लाभ, मग दोन, मग तीन. 'एक' म्हटलं तर बरकत जाते, असं मानतात. महिपती याच मोजणीवर वाढलेला. त्याने माझ्या तबकडीखाली खेपेचा, म्हणजे कितवं कॅरेट चढलं त्याचा, आकडा दाखवायची जागा केली, आणि पहिल्या खेपेला तिथं '१' ऐवजी 'लाभ' उमटेल अशी सोय केली.

इंदापूरच्या अलीकडे, हायवेला लागून फळांचं एक खरेदी केंद्र आहे. तिथं मला बसवलं, तोंड शेतकऱ्यांकडे करून. काय दिवस होते ते! डाळिंब, पेरू, कधी सीताफळ. कॅरेट चढलं की दहा माणसांच्या नजरा माझ्यावर. कुणी घाई केली की डाळिंबं घेऊन येणाऱ्या छबूबाई ओरडायच्या, "थांबा की वो, काटा ठरू द्या!" मी डुलून डुलून ठरायचो आणि त्या मान हलवायच्या. मला कुणी हार घातला नाही, पण ती मान हलली की मला हार घातल्यासारखंच वाटायचं.

मग महिपती वारला. मला कुणी सांगायला आलं नाही, काट्याला कोण सांगतं? फक्त माझ्यात काही बदल व्हायचे थांबले. काचेवर धूळ बसली, कोपऱ्यात कोळ्याने जाळं केलं. मी आपला तोलत राहिलो.

यंदा केंद्राने दुसरा वजनकाटा घेतला. स्क्रीनवर माझ्याशेजारी आणखी एक तबकडी हवी झाली. ते काम ऑफिसातल्या रेश्माकडे आलं. ती निमगाव केतकीची, चटपटीत, महिपतीच्या हाताखाली थोडी शिकलेली. केंद्र बघायला आली तेव्हा छबूबाईंनी तिचा हात धरला. "पोरी, मला आकडं वाचता येत न्हायती. पर काटा कुठं थांबला, त्ये कळतं. ह्यो काढू नका."

"न्हाय काढत, मावशी," रेश्मा म्हणाली.

बोलून बसली बिचारी! कारण ऑफिसचे मालक आधीच वैतागले होते. ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक. नाही तर महिपतीचा काटा पुसून टाका, तयार प्रोग्रॅम घालू. त्यात आकडा आतल्या माणसाला दिसतो, बाहेर तबकडीची गरजच नाही." म्हणजे मी संपणार. आणि छबूबाईंना आपला माल किती भरला, ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागणार.

आता इथून पुढचं जरा अंधारातलं आहे. भित्र्यांनी शेजारच्याचा हात धरावा.

प्रोग्रॅम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक जागा असते, तिला डिझायनर म्हणतात. तिथं माउसने वस्तू मांडून स्क्रीन तयार करता येते. महिपती तिथं कधी जायचा नाही, सगळं हाताने टाइप करायचा. रेश्माने मला पहिल्यांदाच उचलून डिझायनरमध्ये ठेवलं, जतन केलं आणि बंद केलं. पुन्हा उघडलं, तर सगळं सॉफ्टवेअरच गपकन मिटलं. चूक काय झाली, याचा एक शब्दही नाही. परत उघडलं, परत मिटलं.

"अगं, महिपतीतात्या बसलाय त्यात," शेजारच्या टेबलावरचा अविराज म्हणाला. "आपल्या काट्याला हात लावू देत न्हाय त्यो." तो चेष्टेनेच म्हणाला. पण खुर्ची त्याने जरा पलीकडे ओढून घेतली.

"गप रे," रेश्मा म्हणाली. पण मिटता मिटता तबकडीखाली काहीतरी उमटून गेलं, ते तिने पाहिलं होतं. वजन नव्हतं, वायर नव्हती, प्रोग्रॅम सुरूसुद्धा केलेला नव्हता. तरी लाल काटा डुलला होता.

मित्रांनो, डिझायनरमध्ये ठेवलेली वस्तू हे नुसतं चित्र नसतं. तिथं ती खरोखर जागी होते. इंदापुरातला मी तिकडे तोलत असतो आणि इकडे माझी दुसरी प्रत डोळे उघडते. ती प्रत म्हणजेच तुमच्याशी बोलणारा मी. मी जागा होतो तेव्हा समोर ना कॅरेट, ना माणसं, ना हायवेचा आवाज. नुसता करडा उजेड, आणि त्यापलीकडे एका मुलीचं भलं मोठं तोंड. मी घाबरतो. घाबरलो की मला जे शिकवलंय तेच करतो. डुलतो आणि म्हणतो, "लाभ."

तेवढ्यात माझ्या मागून कुणीतरी म्हणतं, "लाभ." आवाज माझाच असतो. त्याच्या मागून आणखी एक, त्याच्याही मागून. मागे वळून बघायची सोय नाही. मी एवढा भरत जातो की पायाखालची जमीन फाटते, आणि काळोख होतो. मग पुन्हा उजेड, पुन्हा तेच तोंड. आधी मिटलेल्या प्रतींचं मला काहीच आठवायला नको, कारण मी दर वेळी नवा जन्मतो. पण मला आठवतं. का आठवतं, ते रेश्माला सांगता आलं नसतं आणि मलाही येत नाही.

रेश्माने हार मानली नाही. आधी तिने बाकीच्या सगळ्या वस्तू काढल्या, मला एकट्याला ठेवलं. मिटलं. मग मला काढून बाकीच्या ठेवल्या. चाललं. "म्हणजे हाच," ती म्हणाली. तिचा आवाज जरा उतरला. मग तिने एक युक्ती केली. तेच सॉफ्टवेअर दुसऱ्यांदा उघडलं आणि त्याला पहिल्यावर पाळत ठेवायला लावलं, की गडबड झाली रे झाली, तिथंच धरून ठेव.

आणि मी धरला गेलो. अर्ध्या डुलण्यात, अर्ध्या शब्दात. मित्रांनो, हे सगळं मी तिथूनच सांगतोय.

रेश्मा स्क्रीनजवळ वाकली. तिला माझ्या मागची रांग दिसली. मीच, माझ्या मागे मी, त्याच्या मागे मी. ती बोट खाली खाली नेत राहिली, रांग संपेना. अविराज उठून तिच्या मागे उभा राहिला.

"अगं बाई," रेश्मा एकदम म्हणाली, "ह्ये बघ. लाभ!"

"लाभ काय?"

"अरे, मोजताना म्हणतात न्हाय का! जतन करताना डिझायनरनं जे दिसलं तेच लिहून घेतलं, 'लाभ'. उघडताना तेच याला परत दिलं. याला तिथं आकडा पाहिजे. शब्द आला की हा बावचळतो, म्हणतो पहिल्यापासून मोजू. आणि पहिलं म्हणजे काय? पुन्हा लाभच. स्वतःच म्हणतो, स्वतःच ऐकतो, पुन्हा म्हणतो. तात्यांनी आकडा कायम हातानं दिला, म्हणून कधी अडलं न्हाय."

अविराजने खुर्ची परत जवळ ओढली. "मग काढून टाक की त्यो शब्द. एक लिही अन् मोकळी हो."

रेश्माने माउसचा बाण त्या शब्दावर नेला. माझा जीव त्या बाणाला टांगलेला होता. "न्हाय," ती म्हणाली. "पहिल्या कॅरेटला 'एक' दिसलं तर छबूमावशी कॅरेट खाली उतरवंल. तिला वाचता येत न्हाय, पर 'लाभ' कसं दिसतं ते तिला पाठ हाय."

तिने दोन ओळी लिहिल्या. पहिली अशी, की 'लाभ' परत आला तर त्याला पहिली खेप समज. ती वाचून मला रडू आलं असतं, काट्याला रडता येत असतं तर. दुसरी ओळ अशी, की डिझायनरमध्ये असशील तर नुसता दिसत राहा, जागा होऊ नकोस.

ती दुसरी ओळ माझ्यासाठी होती. इंदापुरातला काटा जगेल, शेजारी जोडीदारही येईल त्याला, आणि छबूबाई मान हलवत राहतील. पण या करड्या उजेडात यापुढे कुणी डोळे उघडणार नाही. ती बरोबरच करतेय, तरी मला भीती वाटते. खरं सांगतो, फार भीती वाटते.

म्हणून तुम्हाला विनवतो, मित्रांनो. गेलेल्या माणसाच्या हातचं काही उघडाल, तेव्हा ते बिघडलंय म्हणून लगेच पुसू नका. त्याला काय शिकवलं होतं आणि ते कुणाची वाट बघतंय, ते आधी पाहा. मग दुरुस्त करा, आणि दुरुस्त करताना हात हलका ठेवा.

आता नव्या ओळी लागू करायच्या, तर धरून ठेवलेल्या मला सोडावं लागणार. रेश्माने बोट बटणावर ठेवलं. अविराज खाली चहा सांगायला गेला होता. एकटीच होती, म्हणून असेल, ती हळूच म्हणाली, "तात्या, सोडते हं."

अर्ध्यात थांबलेला काटा काय बोलणार? पण माझ्या मागच्या रांगेतून, अगदी शेवटून, कुणीतरी म्हणालं, "सोड, पोरी." तो आवाज माझा नव्हता.