साहेबांचा मेल आम्ही उघडला नाही

व्हायरस तुम्ही पाठवला, साहेब. चामोर्शीच्या पोरींनी नाही, मी नाही. तुमच्या परीक्षा ऑफिसातून, तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमधून तो निघाला आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या सेंटरांमध्ये शिरला. नोटीस मात्र आली मला. 'कार्यालयाचा ईमेल जाणूनबुजून न उघडल्याबद्दल खुलासा करावा.' घ्या खुलासा. तुम्हाला तो बंद पाकिटात हवा होता. मी छापून देते आहे, म्हणजे चार लोक वाचतील.

माझं नाव निशात. चामोर्शीच्या बाजारात माझ्या अब्बांचं, बशीरभाईंचं, कापडाचं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत माझं कॉम्प्युटर सेंटर. मी हे कुठल्या कॉलेजात शिकले नाही. जुन्या पुस्तकांवर आणि मशीन खोलून, बिघडवून, परत जोडून शिकले. सरकारी कॉम्प्युटर परीक्षेसाठी माझ्याकडे बहुतेक पोरीच येतात. करिश्मा त्यातली एक. ती हेमलकशाच्याही पलीकडल्या गावची, इथे मामीकडे राहते. परीक्षा पास झाली तर तिकडच्या आश्रमशाळेत कॉम्प्युटर शिकवायचं काम तिच्यासाठी धरून ठेवलं होतं. पण परीक्षा चामोर्शीत असेल तरच. चंद्रपूरला असली तर मुक्काम करावा लागतो आणि मुक्कामाला पोरगी कोणी पाठवत नाही. माझ्या निम्म्याहून जास्त पोरींचं हेच. चामोर्शीतून परीक्षा उठली की यांचं शिक्षण उठलं, हे तुम्हाला कळत नाही असं मी मानत नाही.

आता तुमचा नियम आठवा. ऑफिसचा मेल आला की ताबडतोब उघडायचा, सोबतची फाइल छापायची, शिक्का मारायचा आणि पोच फॅक्स करायची. जरा उशीर झाला की तुमचे क्लार्क वामनराव फोनवर, "मॅडम, साहेब चिडून राह्यले." सगळ्या सेंटरांना तुम्ही असं लावून ठेवलं होतं. घंटी वाजली की उभं राहायचं, तसं.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात तुमच्या नावाने एक मेल आला. सोबत फाइल. मी बाहेर गिऱ्हाईक पाहत होते. करिश्माने नियमाप्रमाणे फाइल उघडली. ती कागद नव्हती, कागदाचं चित्र लावलेला प्रोग्राम होता. पडद्यावर काहीच दिसलं नाही. पण आत त्याने आमच्याकडचे सगळे पत्ते उचलले आणि आमच्या नावाने तीच फाइल सगळ्यांना पाठवली. संध्याकाळपर्यंत आमची सगळी मशीनं आजारी, पोरींनी टाइप केलेलं सगळं गेलं.

मी करिश्माला नको नको ते बोलले. ती खाली मान घालून ऐकेल असं मला वाटलं होतं.

"मॅडम, नाव साहेबाचंच होतं ना? न उघडता बसली असती त तुमीच बोलल्या असत्या का काऊन नाई उघडला!"

तिचं खरं होतं. अब्बा दारात मापपट्टी गळ्यात घालून उभे होते. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही, मजा मात्र पुरेपूर घेतात.

"काय झालं बेटी? डब्ब्याले ताप आला का?"

"मेलमधून व्हायरस आला अब्बा. साहेबाच्या नावानं."

"नावाचं काय घेऊन बसली? नाव त कोणीबी घेते. बाजारात माह्या नावानं सतरा जण उधार मागतेत. निरोप होता काय?"

"मेलच निरोप असते, अब्बा."

"ह्यँ! गठ्ठ्यातच निरोप बांधला त मंग गठ्ठा पाठवनाऱ्याले कोन वळखते?"

इथे साहेबांसाठी समजावून सांगते. अब्बा जंगलपट्टीतल्या गावांना कापडाचे गठ्ठे एसटीच्या टपावरून पाठवतात. पण निरोप त्या गाडीने जात नाही. बाजाराला आलेल्या त्या गावच्या माणसाच्या तोंडी तो वेगळा जातो: बशीरभाईने काय पाठवलं, कोणाला, गाठीला चिंधी कोणत्या रंगाची. निरोप पोचेपर्यंत गठ्ठा पडून राहतो. करिश्माची आई कलाबाई अब्बांचा गठ्ठा घेते. एकदा निरोप्याचा पाय मुरगळला, तर तिने लग्नाची लुगडी तशीच पडू दिली, नवरीकडचे बोंबलले तरी गाठ सोडली नाही.

"खरंच नाई सोडली," करिश्मा म्हणाली. आणि मग माझ्याकडे पाहून, "मॅडम, मंग आपन बी तसंच करू ना."

त्याच दिवशी आम्ही ठरवलं. मेलसोबत फाइल आली की हात लावायचा नाही. नेट बंद करायचं, तार मोडेममधून काढून फोनला लावायची आणि पाठवणाऱ्याला विचारायचं: काय पाठवलं, सांगा. बरोबर सांगितलं तर फाइल आधी अँटिव्हायरसने तपासायची, मगच उघडायची. मशीनं मी पुसून परत भरली. अँटिव्हायरसची नवी सीडी नागपूरहून मागवली.

तुम्ही काय केलं? तुमच्या मशीनला हातसुद्धा लावला नाही. व्हायरस चामोर्शीहून आला म्हणून सगळ्या सेंटरांना कळवलं, कारण मेलवर आमचं नाव होतं. तोच मेल त्याआधी तुमच्या नावाने आम्हाला आला होता, हे मी फोनवर ओरडून सांगितलं. वामनराव म्हणाले, "मॅडम, वरतून आलेलं खोटं कसं राहीन?"

मग परीक्षेचा आठवडा आला. परीक्षेच्या आदल्या दुपारी मेल. पाठवणारे तुम्ही. 'परीक्षेबाबत अत्यंत तातडीची सूचना, त्वरित उघडा.' सोबत फाइल. खोलीत पोरी सराव करत होत्या, सगळ्यांचे हात थांबले. करिश्माने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ मोडेमची तार उपटली आणि फोनला लावली.

वामनरावांनी फोन उचलला.

"वामनराव, आत्ता काही पाठवलं का?"

"मी त नाई पाठवलं."

"मग साहेबांना विचारा."

तुम्ही स्वतः फोनवर आलात. "माझ्या नावाने आला आहे ना? मग उघडा."

"साहेब, त्यात काय आहे तेवढं सांगा, लगेच उघडते."

"परीक्षेच्या सूचना असतील."

"असतील? तुम्ही पाठवला की नाई पाठवला?"

"हे बघा, माझ्याशी वाद घालायचा नाही. तासाभरात पोच आली नाही तर उद्याची परीक्षा चामोर्शीत होणार नाही. पोरींना चंद्रपूरला पाठवा."

मी फोनवर हात ठेवला आणि पोरींना सांगितलं साहेब काय म्हणतात ते. भीती वाटली, खोटं काऊन बोलू? न उघडला तर तुम्ही परीक्षा काढून घेणार. उघडला आणि आत तेच असलं तर मशीनं जाणार, म्हणजे परीक्षा तशीही जाणार. मामीच्या घरात बसून चंद्रपूरची परीक्षा देता येत नाही, हे करिश्माला माझ्याहून जास्त माहीत होतं.

ती म्हणाली, "काय आहे ते त्यायलेच नाई मालूम. आपन काऊन उघडाचा?"

"साहेब," मी म्हटलं, "नाई उघडत."

तुम्ही फोन आपटला. आम्ही तो मेल फाइलसकट पुसून टाकला आणि पोरी परत सरावाला बसल्या. टाइपिंगचा आवाज त्या दुपारी जरा जोरातच येत होता.

सकाळी मी चंद्रपूरच्या गाडीची चौकशी करायला निघणार, तेवढ्यात फोन. राजुऱ्याच्या सेंटरवाला. त्याने मेल उघडला होता, त्याची मशीनं आपोआप बंद पडत होती. मग गोंडपिपरी. मग मूल. सगळ्यांनी नियम पाळला होता. चंद्रपुरात तर परीक्षेचा हॉलच बंद. शेवटी वामनरावांचा फोन आला, आवाज पार खाली, "मॅडम, तुमचे कॉम्प्युटर चालू हायत काय?"

"चालू आहेत."

"साहेबांचा बी बंद हाय," ते म्हणाले, आणि त्यांना हसू दाबता आलं नाही. तुमच्या मशीनमध्ये बसलेल्या व्हायरसनेच तुमच्या एका जुन्या सूचनेचं नाव उचलून तो मेल सगळ्यांना पाठवला होता.

दुपारी ते स्वतः जीपने परीक्षेची सीडी घेऊन आले. मी ती सगळ्यांसमोर अँटिव्हायरसमधून काढली.

"मॅडम, माह्यावर बी शक?"

"तुमच्यावर नाई. सीडीवर."

"घ्या घ्या, तपासा," म्हणत ते स्टुलावर बसले आणि अब्बांनी त्यांच्या हातात चहा दिला. सीडी साफ निघाली.

मग जे झालं ते चामोर्शीने पाहिलं. आधी आमच्या पोरी बसल्या. करिश्मा पहिल्या मशीनवर. दुसऱ्या दिवसापासून मूल, गोंडपिपरी, राजुऱ्याची पोरं एसटीने, ट्रॅक्सने यायला लागली. मुक्कामाची भीती पोरींना होती, आता टाय लावून आलेली पोरं अब्बांच्या दुकानात कापडाच्या थानांवर डोकं ठेवून झोपली. अब्बांनी गादीवर सतरंज्या घातल्या, गिऱ्हाइकांना सांगितलं, "आज कापड नाई, आज इंतिहान हाय." एक पोरगा मशीनला बसताना म्हणाला, "आमच्या सरांनी सांगितलं होतं, चामोर्शीच्या सेंटरले जाऊ नका, तिथी व्हायरस हाय." सगळी खोली हसली, तो बिचारा पास झाला.

करिश्माही पास झाली. आज ती आश्रमशाळेत शिकवते. पोरांना पहिल्या दिवशी ती मशीन चालू करायला शिकवत नाही, आधी मोडेमची तार काढायला शिकवते. दोन्ही जिल्ह्यांतली सेंटरं आता फाइल उघडण्याआधी एकमेकांना फोन करतात. वामनरावसुद्धा मेल पाठवला की मागोमाग फोन करून सांगतात, कशाची फाइल, काय आहे त्यात. त्यांना कोणी शिकवलं नाही, ते त्या स्टुलावर बसून शिकले.

राहिले तुम्ही. तुमच्या नोटिशीत खाली एक ओळ आहे, बारीक अक्षरात: शिस्तभंगामुळे पुढील परीक्षा चामोर्शी केंद्रावर घेतली जाणार नाही. ज्या केंद्राने तुमची अख्खी परीक्षा वाचवली, ते बंद. माझ्या खोलीत या वर्षी नव्या पोरी बसल्या आहेत, त्यातली एक अब्बांचे निरोप नेणाऱ्या झिंगूभाऊंची नात आहे, ती रोज दूरच्या गावाहून येते आणि रोज विचारते, "मॅडम, पेपर इथीच ना?"

मी तिला काय सांगू? पुढची परीक्षा चामोर्शीत घेता की नाही? हो किंवा नाही, सही करून सांगा, साहेब.