चारशे रोपं आणि विहीणबाई

लग्नात पाहुण्यांना स्टीलचे डबे द्यायचे नाहीत, असं मयुरीने ठरवलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिच्या वडिलांना झाला.

"परतेकाले एकेक रोप देऊ, बाबा," ती म्हणाली. "वांगं, टमाटर, मिरची. लोकं घरी नेऊन लावतीन."

"चारशे रोपं माह्याकडे लागली," नानाजी थूल म्हणाले.

नानाजी वर्षभरापूर्वीच लाइनमनच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. देवळीच्या घरात दुपार काही केल्या सरत नव्हती, आणि आता लेकीच्या लग्नाचं एक काम सबंध त्यांच्या वाट्याला आलं होतं. ऑक्टोबर संपता संपता त्यांनी शेतातली काळी माती पोत्याने आणली, चारशे प्लास्टिकच्या कपांत ठासून भरली आणि एकेका कपात सात-आठ बिया टाकल्या. ऊन लागू नये म्हणून कप मागच्या पडवीत ठेवले, थंडी लागू नये म्हणून वरून प्लास्टिक पांघरलं आणि सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी दिलं. कोंब आले, भराभर वर गेले. दहा दिवसांत बोटभर उंच रोपं पाहून नानाजींनी शेजाऱ्यांना बोलावून आणलं.

मग एके सकाळी पन्नासेक कपांतली रोपं आडवी पडलेली दिसली. तहानली असतील म्हणून नानाजींनी दोन बादल्या पाणी जास्त घातलं. दुसऱ्या दिवशी निम्मे कप झोपले. नानाजींना जेवण गेलं नाही. लग्न चोवीस डिसेंबरला होतं आणि नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उजाडला होता.

नेमक्या त्याच दिवशी नवरदेवाच्या आई, भागीरथाबाई, साड्या घ्यायला समुद्रपूरहून आल्या. त्या स्वतः भाजीपाला पिकवायच्या आणि बाजारात विकायला बसायच्या. बोलायच्या फार कमी. लग्न जमवण्याच्या बैठकीतही त्या चार वाक्यांपलीकडे बोलल्या नव्हत्या, त्यामुळे नानाजींना त्यांचा धाकच वाटायचा. त्यांनी घाईघाईने सगळ्या कपांवर चादर टाकली.

भागीरथाबाई हातपाय धुवायला मागे गेल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत. नानाजींची बायको सुलोचना पाहायला गेली, तर विहीणबाई चादर बाजूला करून पडवीत उकिडव्या बसल्या होत्या.

"हे कोनं लावलं?" त्यांनी विचारलं.

सुलोचनाने हनुवटीने नवऱ्याकडे दाखवलं. नानाजी दारात खाली मान घालून उभे होते.

"भाऊ, इकडे या जी."

त्यांनी एक पडलेलं रोप उपटून नानाजींच्या तळहातावर ठेवलं. मातीला टेकलेल्या जागी देठ तपकिरी पडून दोऱ्यासारखा बारीक झाला होता.

"वरून तहानलेलं दिसते, पण खालून सडलं हाय हे. कपाले भोक नाई, पानी जाईन कुठी? माती चिकट, त्यात दाटीवाटी अन् वरून प्लास्टिक. बुरशीले याच्यापेक्षा चांगलं घर कोन देईन?"

"मी तर जिवापाड जपलं, बाई," नानाजी पुटपुटले.

"दिसतेच ते. तुम्ही याइले जपून जपून मारलं." आणि त्या पहिल्यांदाच हसल्या. "लाजता काऊन? माहे पह्यले पाच वाफे असेच गेलते. सासऱ्यानं आठ दिवस अबोला धरला होता माह्याशी."

नानाजींनाही हसू आलं. साड्यांची खरेदी पुढे ढकलली गेली. कृषी केंद्रातून कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि गांडूळखत आलं. विहीणबाईंनी ते मिसळून हलकं, भुसभुशीत केलं. जुनी माती फेकली, कप साबणाने धुऊन उन्हात वाळवले, सुलोचनाने खिळा तापवून प्रत्येकाच्या बुडाला भोक पाडलं. मयुरी संध्याकाळी वर्ध्याहून ड्युटी संपवून आली, तेव्हा तिचे वडील आणि होणाऱ्या सासूबाई कोपरापर्यंत माखलेल्या हातांनी एका कपात दोनच बिया टाकत बसले होते.

"मिरचीले आता वेळ नाई पुरत," भागीरथाबाई म्हणाल्या. "वांगं अन् टमाटर होते. कोंब दिसला का उजेडात ठेवजा. अंधारात रोप उजेड शोधत नुसतं लांबते, त्याच्यात जोर नाई राह्यत."

त्या दिवसापासून रोज सकाळी सात वाजता समुद्रपूरहून फोन यायचा.

"माती वरून कोरडी का ओली?"

"ओली हाय."

"मंग हात नोका लावू."

पाणी न देणं नानाजींना भारी जड गेलं. हात शिवशिवले की ते झारी घेऊन अंगण शिंपत, तरी भागेना तेव्हा शेजारच्यांचंही. दोन रोपं उगवली तिथलं एक काढून टाकताना त्यांचा जीव कळवळायचा. सुलोचनाच मग चिमटीने काढायची. पण या वेळची रोपं बुटकी, जाड देठाची आणि गडद हिरवी निघाली. लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा विहीणबाईंनी ती दिवसभर उघड्यावर ठेवायला आणि पाणी आणखी कमी करायला सांगितलं. पहिल्या दुपारी पानं मलूल पडली. नानाजी फोन घेऊन तिथेच बसून राहिले. संध्याकाळी पानं पुन्हा ताठ झाली, तेव्हा त्यांनी घाईने फोटो पाठवला.

"आता शिकले तुम्ही," असं उत्तर आलं.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या दाराशी तीनशे ब्याऐंशी रोपं ओळीने उभी होती. त्रिशरण-पंचशील झालं, नवरदेव रत्नदीपने आणि पांढऱ्या साडीतल्या मयुरीने एकमेकांना हार घातले, आणि जेवणं उरकताच टेबलाभोवती गर्दी झाली. कमी बोलणाऱ्या भागीरथाबाई तिथे उभ्या राहून येईल त्याला बजावत होत्या, "रोज पानी नोका देऊ. बोट घालून पाह्यजा पह्यले." नानाजी शेजारी उभे राहून प्रत्येक वेळी मान डोलवत होते. लोक जेवणाचं कौतुक विसरून वांग्याबद्दल विचारत होते.

पाठवणीच्या वेळी मयुरी वडिलांच्या गळ्यात पडली. दोघांचे डोळे भरले होते. तेवढ्यात रिकाम्या टेबलाकडे पाहत सुलोचना म्हणाली, "अजी, आपल्या घरासाठी एखादं ठेवलं का नाई?"

नानाजींनी टेबलाखाली वाकून पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. मयुरी रडता रडता खदखदून हसली आणि तिच्यामागे सगळा हॉल.